जास्वंदीवर कापूस पिकलाय!

प्रश्न : ताई, मुलुंडला ग्रिलमध्ये जास्वंद लावलीये, कळ्या येतात नि गळतात, देठांवर पांढरा कापूस आणि मुंग्यांची ही मोठी रांग, पावडर टाकून टाकून दमले. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा फुलपुडी स्वस्त!

उत्तर : सासूबाईंचं गणित बरोबर आहे, पण ते सोडा. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण नावाचा किडा, तो झाडाचा रस शोषतो नि गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्याच्यासाठीच येतात, म्हणून नुसती पावडर टाकून काही होत नाही. जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल नि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालूनसुद्धा, दर आठवड्याला फवारा. फक्त खालच्या काकूंचे कपडे वाळत नाहीयेत ना बघून घ्या, माझं एकदा त्यावरून जाम वाजलंय.