मनातलं विचारा : आशा सोडली हा माझा दोष का?

प्रश्न : ताई, मी निवृत्त माध्यमिक शिक्षक. मराठी आणि संस्कृत शिकवायचो. सातारा जिल्ह्यात गावीच राहतो. गेल्या आषाढात पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. सुरुवातीला बरीच सुधारणा झाली. आता काठी धरून अंगणापर्यंत येते, पण गाडी तिथंच थांबली आहे. (सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम मी करून घेतो, त्यात खंड नाही.) पुण्याची मुलगी रोज फोनवर सांगते, “बाबा, पॉझिटिव्ह राहा, आई पहिल्यासारखी होणार.” कुठेतरी स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं देतात म्हणे. त्यासाठी माळाचं रान विकू या, असा तिचा आग्रह आहे. मला मात्र आतून वाटतं, ही पहिल्यासारखी होणार नाही. तसं बोललो तर मुलगी म्हणते, “तुम्ही आशाच सोडलीत, तुमच्यामुळे आई खचेल.” रात्री एकनाथी भागवत वाचतो. त्यातल्या पिंगलेच्या गोष्टीत तर म्हटलंय, आशा हेच परम दुःख. आणि इकडे जो तो आशेला सद्गुण ठरवतो. मग मी आशा सोडली हा दोष की शहाणपण?

उत्तर : सर, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’ हे सुभाषित तुम्ही वर्गात कितीदा शिकवलं असेल. या अजब साखळीने बांधलेले धावतात आणि सुटलेले जागचे हलत नाहीत, असं ते म्हणतं. त्या न्यायाने, तुम्ही खरोखर सुटला असतात तर व्यायामाला कधीच खंड पडला असता. ज्याने आशा सोडली तो माणूस दिवसातून दोनदा दुसऱ्याचा हात वर-खाली करत बसत नाही. तुम्ही सोडलंय ते ‘पहिल्यासारखी होणार’ हे एक वाक्य.

आता पिंगला. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही विदेहनगरीची गणिका सजून दारात उभी राहते. कोणीतरी धनवान येईल म्हणून आत-बाहेर करते, मध्यरात्र होते. तिची सगळी आशा दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेली. तिच्या स्वतःच्या हाताला त्यात वाट पाहण्यापलीकडे काही कामच नाही. तिने सोडली ती ही आशा, आणि मग तिला गाढ झोप लागली. पण तेवढ्यावर ती थांबत नाही, मन देवाकडे वळवते. म्हणजे पिंगलासुद्धा रिकामी राहिली नाही. तिचा दाखला तुमच्याविरुद्ध जात नाही, तुमच्या मुलीलाही तो पुरता लागू होत नाही.

आशेला सद्गुणांत बसवलं ते ख्रिस्ती परंपरेने. तेराव्या शतकातला विचारवंत थॉमस अक्वायनस म्हणतो, ज्याची आशा धरायची ती गोष्ट चांगली हवी, पुढे घडणारी हवी, अवघड हवी, आणि शक्य कोटीतली हवी. त्याची आशा शेवटी देवाच्या साहाय्यावर उभी आहे, ते बाजूला ठेवू. मला त्याची दुसरी गोष्ट कामाची वाटते. या सद्गुणाला तो दोन बाजूंनी दोष दाखवतो. एकीकडे हताशा आणि दुसरीकडे फाजील खात्री. आपल्या घरांत पहिलीवर ओरडा होतो, दुसरीला मात्र ‘पॉझिटिव्ह’ म्हणून शाबासकी मिळते. दोन्हीकडे माणूस निकाल आधीच लावून बसतो, मग आजचं काम कशाला करायचं?

मानसशास्त्रानेही आशा मोजली आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या सी. आर. स्नायडर यांनी १९९१ साली सहकाऱ्यांबरोबर तिची मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यांच्या मते आशेत ध्येय तर असतंच, शिवाय तिथवर जाणाऱ्या वाटा शोधता येणं आणि त्या वाटेवर चालत राहण्याची धमक लागते. मला हे पटतं, कारण यात आशा म्हणजे गोड वाटणं नव्हे. एक वाट बंद झाली की दुसरी शोधणं, आणि ध्येयच आवाक्याबाहेर गेलं तर ते बदलणं, हे तिचं काम. पण यात एक खोट आहे. दरोड्याची पक्की आखणी करणाऱ्यालाही या पट्टीवर पैकीच्या पैकी मिळतील! तेव्हा आशेला सद्गुण म्हणायचं तर आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात. ती खरं बघायला तयार आहे का? आणि तिची किंमत कोण मोजणार?

माळाच्या रानाचा प्रश्न इथे येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचं प्रत्यारोपण, तेही मुख्यतः रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी. अर्धांगवायू त्यात येत नाही. त्यावर जे व्हायचं ते संशोधनाच्या चौकटीत, परवानगी घेऊन. मुलीला एवढंच सांगा, की त्या ठिकाणी चाचणीचा नोंदणी क्रमांक माग. अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक मिळाला तर तो घेऊन तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा. नाही मिळाला तर सातबारा कपाटात राहू द्या.

मुलीवर रागावू नका मात्र. ती लांब आहे, तिच्या हाताला काम नाही. म्हणून ती आशाच मोठ्याने बोलते. तिला काम द्या. वाचा-उपचार करणाऱ्यांकडून आईसाठी शब्दांचे सराव लिहून घ्या आणि ते रोज व्हिडिओ कॉलवर घेण्याची जबाबदारी तिची. महिनाभरात तिचं ‘पहिल्यासारखी’ आपोआप कमी होईल, कारण काल न आलेला शब्द आज आला का, हे तिला स्वतःला दिसायला लागेल.

वैद्यकाचं म्हणाल तर झटक्यानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग तो मंदावतो. पण मंदावतो म्हणजे संपतो असं नाही. सराव केलेली ठरावीक कामं पुढेही जमू लागतात. आणखी एक. झटका आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना पुढे नैराश्याचा आजार गाठतो आणि त्यावर उपचार आहेत. बाई गप्प-गप्प असतील, जेवण-झोप बिघडली असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आणि सर, तुमच्या एवढ्या पत्रात तुमची आशा आहे, मुलीची आहे, पिंगलेचीही आहे. बाईंची कुठे आहे? त्यांना काय हवंय, कोणी विचारलंय का? बोलणं अडखळतं, म्हणून हो-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न करा. देवळापर्यंत जायचंय? डाव्या हाताने भाजी निवडायचीय? नातवाशी फोनवर बोलायचंय? अंगणापलीकडचं ध्येय त्यांना ठरवू द्या. ते तुम्हाला किंवा मला क्षुल्लक वाटलं तरी चालेल.

प्रश्न : इंजिनीअरिंग होऊन वर्ष झालं. मी व्हिजन बोर्ड, म्हणजे स्वप्नांच्या चित्रांचा फलक, केलाय. रोज डोळे मिटून ऑफर लेटर हातात आल्याचं बघते. मैत्रीण हसते. ही आशा खोटी का? (वाचक, नाशिक)

उत्तर : खोटी नाही, अर्धी आहे. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवर एक अभ्यास केला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. ‘मला जमेल’ असं मानणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. पण सडपातळ झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी उतरलं. चित्रातच यश चाखून झालं की अंगातली निकड ओसरते, असं त्यांच्या पुढच्या संशोधनातूनही दिसलं. तेव्हा चित्र बघ, पण लगेच डोळे उघडून त्याच्याखाली लिही : माझ्यातलं काय आडवं येतंय? इंग्रजीत बोलताना गळपटतेस? कोडिंगची चाचणी टाळतेस? मग ठरव, ‘ते आडवं आलं की मी अमुक करीन.’ मैत्रिणीला हसू दे. आठवड्यातून एकदा तिलाच समोर बसवून मुलाखतीचा सराव घे, आणि प्रश्न अवघड विचार म्हणावं.