बाईंना विचारा : डबल बेलच्या आधीचा श्वास

साताऱ्यातल्या एका शाळेत मी 31 वर्षं पीटी शिकवली. आता सकाळी सहाला घराच्या गच्चीवर योगवर्ग घेते. त्यामुळे या सदराची निम्मी पत्रं 'बाई' अशीच सुरू होतात. या वेळी दोनच घेतलीत, कारण दुसऱ्यानं जागा खाल्ली.

प्रश्न : वय 68, बँकेतून निवृत्त. रोज 12 सूर्यनमस्कार घालतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. येत्या रथसप्तमीला 108 घालायचा संकल्प आहे. त्यानं मन शांत होईल ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : काका, मनाचं ठाऊक नाही, कंबर मात्र बोलेल. बावन्नाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर, पोरांसमोर, मीही 108चा हट्ट धरला होता. शेजारी एक तरुण शिक्षक होते आणि त्यांच्या आधी संपवायचं एवढंच डोक्यात. ऐंशीच्या पुढचा कितवा तरी चालू होता, वाकले ती सरळ झालेच नाही. तीन आठवडे अंथरुणात. भेटायला आलेल्या सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही श्वास घेत होता का?" काय सांगणार? मी नुसती मोजत होते.

माझे आजोबा औंधच्या शाळेत शिकले. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि शाळांतल्या मुलांकडूनही घालून घेत. आजोबा म्हणायचे, शेवटचा नमस्कार पहिल्यासारखा व्हायला हवा. होईना झाला की थांबायचं. तेव्हा 12च ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेराव्याला हात लावू नका. डोकं खाली जातं तेव्हा श्वास कोंडू नका, गरगरलं की बसा. आणि 108चा आकडा सोडवतच नसेल, तर रथसप्तमीच्या आधी आठ दिवस सुरुवात करा. रथसप्तमी धरून नऊ दिवस, रोजचे 12च. बारा नवे अठ्ठोत्तरशे.

प्रश्न : बाई, नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही. आठवीत तुमच्याकडे पीटीला होते, लंगडीत पुढे असायचे. आता एसटीत वाहक आहे, सातारा–महाबळेश्वर. पहाटे चारला उठून डबे, मग ड्युटी. गाडीत उभं राहायचं, सुट्ट्यांवरून बोलणी खायची. हिशेबात दहा-वीस रुपये कमी आले की पदरचे भरायचे. घरी येते ती पोरांवर ओरडतच, मग रडू येतं. मैत्रीण सांगते रोज तासभर योग कर, मोबाईलवर माइंडफुलनेसचे व्हिडिओ पाठवते. तास कुठून आणू? जगण्याचा तोलच गेलाय.
– एक वाहक, सातारा

उत्तर : लंगडीत पुढे असायचीस, मग तोलाचं तू मला शिकवायचं की मी तुला?

केळघरच्या घाटात गाडी वळणाला कलते. तुझ्या एका हातात मशीन, दुसऱ्यात नोटा, आणि तरी तू पडत नाहीस. तळपाय तुला न विचारता सावरत असतो. माझ्या वर्गात नवी बाई वृक्षासनात, म्हणजे एका पायावर, उभी राहिली की तिचा घोटा थरथरतो आणि ती ओशाळते. मी म्हणते, थरथरू दे, तो त्याचं काम करतोय. कलंडायचं, सावरायचं, परत कलंडायचं, असंच चालतं ते. पतंजलींनी आसनाची व्याख्या केली ती एवढीच : 'स्थिरसुखमासनम्'. त्यातलं 'स्थिर' सगळ्यांना दिसतं, 'सुख' कुणी वाचत नाही. तू सावरतेस खरी, पण सावरताना दात आवळलेले आणि खांदे कानाला टेकलेले असणार. पैज लावते.

माइंडफुलनेस या शब्दाशी माझं जमत नाही. दूध उतू गेलं की आई ओरडायची, "भानावर ये गं!" तेच ते. भानावर यायला तास लागत नाही, खूण लागते, आणि तुझ्याजवळ ती दोरीला बांधलेली आहे. एक बेल थांबायची, दोन निघायची. डबल बेल द्यायच्या आधी एक श्वास. नाकानं घेताना मनात तीन मोज, सोडताना सहा. सोडणं लांबवायचं, कारण श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात. पटत नसेल तर रात्री मनगटावर बोटं ठेवून नाडी बघ. आठ-नऊ सेकंदांचं काम. दारातला शेवटचा माणूस आत यायला तेवढे लागतातच. सगळ्या थांब्यांना जमणार नाही. मेढ्याला कर, पुरे.

दुसरी जागा तुला हसू येईल अशी आहे. पंचाहत्तरीच्या आजोबांचा प्रवास फुकट, पण आधारकार्ड पिशवीच्या तळाशी, तंबाखूच्या डबीखाली. ते पिशवी उपसतात तोवर तुझा जीव वर येतो, हो ना? तेवढा वेळ तुझा. पाय खांद्याइतके लांब, गुडघे किंचित सैल, कंबर सीटच्या कडेला टेकव, दात सोड. कार्ड मिळेल तेव्हा मिळेल.

महाबळेश्वरला चालकदादा चहाला गेले की खांबाला हात लावून वीस वेळा टाचा वर-खाली कर. पोटऱ्या आवळल्या की पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या शिरा फुगतात त्या ते साचूनच. तुझ्या दिसायला लागल्या असतील तर डॉक्टरांना दाखव.

आणि पाणी! तू पीत नाहीस, मला पत्र न वाचताही कळलं असतं. स्टँडवरच्या बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच नको, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या नोकरदार बायकांचं आहे. मग डोकं ठणकतं, जळजळ होते, चिडचिड तर होतेच. पण यावर प्राणायाम सुचवणारी मी नाही. बाथरूम नीट हवं, त्यासाठी तुम्ही बायकांनी मिळून लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. पदरच्या वीस रुपयांचं दुःखही श्वासानं जात नाही. सगळ्याला योगाचं औषध लावणाऱ्यांचा मला राग येतो, मी स्वतः त्यावर भाकरी खाल्ली असले तरी.

घरी पोचलीस की चपला भिरकावू नकोस. वाकून हातानं काढ, जोडीनं ठेव, मग आत जा. आत गेल्यावर बोलायच्या आधी पाच मिनिटं जमिनीवर आडवी हो, पाय भिंतीला उभे लाव. पोरांनाही शेजारी झोपव. माझ्या नातवंडांनी याला 'उलटी गाडी' नाव ठेवलंय. कंबरेत दुखलं तर गुडघे मोड. नमस्कार सुट्टीच्या दिवशी, तीनच, आणि सावकाश.

रडण्याचं वेगळं सांगते. एखाद्या दिवशी आलं तर येऊ दे. पण पंधरा दिवस रोज येत असेल, झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, तर व्हिडिओ नकोत आणि मीही नको. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

बायकांना अर्धं तिकीट झालं 17 मार्च 2023ला. तेव्हापासून गाड्या कशा भरतात ते मी स्वतः उभी राहून बघितलंय. पुढच्या महिन्यात मला मेढ्याला भाचीकडे जायचंय. तुझी गाडी लागली तर नाव सांगू नकोस, लंगडीतली मुलगी उभी कशी राहते ते मला ओळखता येतं. अर्धंच घेईन आणि सुट्टे आणेन.