किट लेन्सला कुठला फिल्टर घ्यावा, आणि माझे लॅंडस्केप फोटो फिके आणि रिकामे का वाटतात?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीत राहता, १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी, १८ ते ५५ मिमी झूमची) आहे, बजेट एकाच फिल्टरचं आहे पण दुकानदार यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (रिंग फिरवून चकाकी घालवणारा पोलरायझर) आणि एनडी (नुसता उजेड कमी करणारा गडद) असा तिघांचा स्वस्त सेट गळ्यात मारतोय, आणि तो घेतला तर फोटो सुधारतील का. आधी सरळ उत्तर देते, सेट घेऊ नका, तेवढ्याच पैशात एक सीपीएल घ्या पण चांगला घ्या. आणि फोटो रिकामे वाटतात ते फिल्टर नसल्यामुळे नाही, त्याबद्दल पुढे लिहिते कारण खरं काम तिथेच आहे.

मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, उपवनचा तलाव आणि येऊरचा डोंगर म्हणजे रोजच्या पायाखालचं, आठ वर्षं तिथेच फोटो काढतेय. सीपीएलच का, तर बाकी बहुतेक गोष्टी नंतर कॉम्प्युटरवर थोड्याफार जमतात, पण पानावरची चकाकी एकदा फोटोत आली की ती खाली दबलेला हिरवा रंग परत देत नाही, तो कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाच नसतो. जुलैत येऊरच्या रस्त्याला सागाची ताटाएवढी पानं असतात, पाऊस नुकताच थांबलेला असतो, तेव्हा एखादं पान समोर धरून फिल्टरची रिंग हळूहळू फिरवून बघा. आधी पान पांढुरकं दिसतं, त्याच्यावर आभाळाचा उजेड पसरलेला असतो. पाव फेरा झाला की ती पांढरी साय बाजूला सरकल्यासारखी जाते आणि खालून शिरा दिसतात, किड्याने खाल्लेली भोकं दिसतात, हिरवा इतका दाट येतो की डोळ्यांनी बघताना सुद्धा तो तेवढा दिसत नव्हता. अजून फिरवलं की साय परत येते. हे एकदा स्वतः बघितलं की सीपीएल कशासाठी असतो हे कुणी समजावून सांगायची गरज राहत नाही.

बरेच जण म्हणतात की सीपीएल निळ्या आकाशासाठी, ढग असले की उपयोग नाही. आकाशापुरतं ते खरं आहे, पण आपल्याकडे चार महिने आभाळ भरलेलंच असतं आणि ओली पानं, ओले कातळ, शेवाळं, डांबरी रस्ता ह्या सगळ्यावर तो ढगाळ दिवशीच जास्त कामाचा आहे. उघाडीच्या दिवशी आकाश गडद करायचं असेल तर सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला हवा, समोर किंवा पाठीमागे असला तर आकाशात फार फरक पडत नाही. आणि १८ वर काढताना आकाशाचा एक कोपरा गडद, दुसरा फिका असा डाग येऊ शकतो, तो दिसला तर रिंग थोडी मागे घ्या किंवा थोडं झूम करा.

पाण्याच्या बाबतीत मात्र सांभाळून. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाच्या तिरक्या नजरेने बघितलं तर प्रतिबिंब सगळ्यात जास्त जातं आणि तळाचे दगड दिसायला लागतात, सरळ खाली बघून काही होत नाही. पण तुम्ही ऐरोलीत आहात, ओहोटीला खाडीचा चिखल चकाकतो, त्यात अख्खं आभाळ उतरतं, तीच तर तिथली शोभा आहे, आणि रिंग पूर्ण फिरवलीत तर तिथे नुसता मातकट चिखल उरेल. तेव्हा अर्धवट फिरवायची किंवा फिल्टर काढूनच ठेवायचा. इंद्रधनुष्य दिसलं तरी जपून, सीपीएल ते पुसूनही टाकू शकतो.

आणखी दोन गोष्टी ज्या दुकानात सांगत नाहीत. सीपीएल लावला की दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे जंगलात शटर १/६० सेकंदावरून १/१५ वर येतं आणि हातातला फोटो हलतो, तेव्हा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा नाहीतर ट्रायपॉड घ्या. आणि काही जुन्या किट लेन्सचा पुढचा भाग फोकस होताना फिरतो, तसं असेल तर आधी फोकस, मग रिंग. कॅमेरा आडव्याचा उभा केला तरी रिंग परत फिरवावी लागते, हे मी कितीतरी वेळा विसरलेय आणि घरी आल्यावर अर्धे फोटो चकाकलेले निघालेत.

यूव्ही सोडा. तो फिल्मच्या काळात लागायचा, डिजिटल सेन्सरच्या पुढे यूव्ही अडवणारी काच आधीच असते. लेन्स वाचवायची असेल तर हुड (लेन्सच्या पुढे बसणारी कड) लावा, रात्री वाशीच्या पुलावरचे दिवे काढताना तर ती जास्तीची काच दिव्यांची भुतं, म्हणजे खोटी प्रतिबिंबं, उमटवते. एनडी नंतर घ्या, आणि घ्याल तेव्हा ६ स्टॉपचा घ्या, म्हणजे ज्याच्यावर एनडी ६४ लिहिलेलं असतं. १/६० चा शटर त्याने साधारण १ सेकंदावर येतो आणि वाहत्या पाण्याला तेवढं पुष्कळ झालं, धार दिसते पण कापूस होत नाही. १० स्टॉपचा एनडी १००० लावला की १/३० चे सरळ ३० सेकंद होतात, त्यात आरपार काही दिसत नाही म्हणून फोकस आधी करून मॅन्युअलवर टाकावा लागतो, डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाकावा लागतो. मी पहिल्या वर्षी एक स्वस्तातला १० स्टॉपचा घेतला होता, उपवनचं पाणी सगळं जांभळट यायचं, तो रंग नीट काढताच यायचा नाही, शेवटी ठेवून दिला. म्हणून म्हणतेय सेट नको. ग्रॅज्युएटेड फिल्टरची (वर गडद, खाली साफ असा) तर ऐरोलीत गरजच नाही, समोर भांडुप-मुलुंडच्या इमारती वरखाली असतात, गडद पट्टा त्यांच्या डोक्यावर बसतो, त्यापेक्षा तीन वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो काढून जोडा.

आता रिकामेपणाचं. माझे फोटो सुरुवातीला असेच असायचे, सगळं आत आलेलं आणि काहीच हाताला लागत नाही. मी आईला मोबाईलवर दाखवायचे, ती छान म्हणायची आणि लगेच दोन बोटांनी फोटो मोठा करून कुठेतरी एका कोपऱ्यात जायची. एकदा खाडीचा फोटो होता, मी आकाशासाठी काढलेला, आणि ती झूम करून एका होडीवर गेली, होडीत एक माणूस उभा राहून जाळं झाडत होता, मला काढताना तो दिसला पण नव्हता. तेव्हा लक्षात आलं की फोटो तो होता आणि मी त्याच्याभोवतीची सगळी जागा काढून आणली होती. तेव्हापासून मी काढायच्या आधी स्वतःला विचारते की हा फोटो बघून आई कुठे झूम करेल, आणि मग मीच तिथे जाते. पायाने जाता आलं तर पायाने, मध्ये पाणी असेल तर ५५ वर.

लॅंडस्केप म्हटलं की आपण लेन्स १८ वर नेऊन ठेवतो, तिथेच बहुतेक फोटो मरतात. १८ वर येऊरचा डोंगर उपवनच्या पाण्यामागे एक बारीक हिरवी रेघ होतो, डोळ्यांना तो एवढा मोठा दिसत असताना. तोच ४० ते ५५ वर काढा, डोंगर अंगावर येतो, ढग त्याच्या खांद्यावर बसलेले दिसतात. १८ तेव्हाच वापरा जेव्हा पायाजवळ काहीतरी घेण्यासारखं असेल, आणि मग खरंच खाली बसा, कॅमेरा गुडघ्याच्या खाली न्या, नाहीतर तो दगड किंवा ती तिवराची मुळं फोटोत नुसती पडल्यासारखी दिसतात. खाली बसलं की मधलं रिकामं पाणी आपोआप कमी होतं आणि जवळचं नि लांबचं जोडलं जातं.

क्षितिजाचं एवढंच, आकाश चांगलं असेल तर ते जास्त घ्या, नसेल तर जमीन जास्त घ्या, प्रतिबिंब असेल तर खुशाल मधोमध कापा. शटर दाबायच्या आधी नजर फोटोच्या चारी कडांवरून फिरवा, आपल्याकडे कडेला हमखास होर्डिंग, वायर नाहीतर कुणाचा तरी हात असतो. आणि खाडीतले हाय टेन्शनचे टॉवर टाळायच्या मागे लागू नका, ते तिथलेच आहेत, एकामागे एक लहान होत जाणारी त्यांची रांग नजर आत घेऊन जाते.

उजेडाची दिशा आपल्याकडे ठरलेली आहे आणि ती वापरा. उपवनला डोंगर पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी डोंगरावर ऊन पडतं आणि संध्याकाळी सूर्य लवकर मागे जातो, म्हणून तिथे सकाळी. ऐरोली, वाशीचं सागर विहार ह्यांना खाडी पश्चिमेला, तिथे संध्याकाळी. खारघरला पांडवकड्याच्या धबधब्याला पावसाळ्यात बंदी असते, तो लांबून रस्त्यावरूनच ५५ वर काढा, पाण्यात उतरायच्या भानगडीत पडू नका.

आणि भरतीचा हिशोब शिकून घ्या, खाडीकाठची जुनी माणसं पंचांगावरून सांगतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी आणि चिखल उघडा. ऐरोली खाडीत बरीच आत असल्यामुळे थोडं उशिराच धरा. चकाकत्या चिखलात सूर्यास्त हवा असेल तर पुनव-अवसेची संध्याकाळ, होड्या तरंगत्या हव्या असतील तर अष्टमीची. दोन्ही दिवशी त्याच जागी उभे राहून काढा आणि फोटो इथेच खाली टाका, मी बघेन.

हो, घ्यायला जाल तेव्हा लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरकी रेघ असलेली खूण आणि त्याच्यापुढे आकडा असतो, ५२, ५५ किंवा ५८, हा फिल्टरचा मिमीतला व्यास, तो बघून जा. पुढे मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ७७ चा सीपीएल आणि स्टेप-अप रिंग (छोट्या लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी) घ्या, फक्त मग किट लेन्सचा हुड बसणार नाही.