महिनाअखेरची बिलं

महिन्याचं विक्रीचं टार्गेट गाठायला साहेब म्हणतात, "आज बिल काढून टाक, पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट (माल परत आल्याचं दाखवून बिलाची रक्कम वजा करणारा कागद) काढू." यात गैर काय, असं तू विचारतोस. गैर हेच, की ती विक्रीच नाही. परत येणार हे आधीच ठरलेल्या मालानं फक्त गोदाम बदललेलं असतं. २०१८पासून लागू असलेलं आयएफआरएस १५ हे विक्रीची नोंद कधी करायची ते सांगणारं आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकही तेच विचारतं: मालाचा ताबा खरंच ग्राहकाकडे गेला का?

मीही नवखा असताना एकतीस तारखेला रात्री अशी तीन बिलं काढली होती. पाच तारखेला माल कागदोपत्री परत. ऑडिटरनं डिस्पॅचचं रजिस्टर मागितलं, तर गाडी बाहेरच पडलेली नव्हती. बिलावर लॉगिन माझं, आणि साहेबांना काहीच आठवेना!

म्हणून तोंडी सांगितलेलं ईमेलवर आण. भांडू नकोस, साधं लिही: "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक बिल आज काढायचं ना? ग्राहकाची ऑर्डर अजून आलेली नाही." निम्म्या वेळा उत्तर येतच नाही आणि बिलाचा विषयही तिथेच बारगळतो. पासवर्ड मात्र कुणाला देऊ नकोस, अगदी साहेबांनाही.

"सगळेच करतात" यावर विसंबू नकोस. वेल्स फार्गो बँकेत टार्गेटपायी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली गेली. २०१६मध्ये ते उघड झालं तेव्हा बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्यातले बरेचसे तुझ्यासारखे खालच्या फळीतले.