तुमचे प्रश्न, बाईंची वही

पोळा झाला. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून गेलेला नाही आणि उकाडा मात्र वैशाखाच्या वर. दुपारी अंगाला घाम, संध्याकाळी पूर्वेला काळं, रात्री कुठेतरी गडगडाट. भादवा लागला की या सदराला पत्रं वाढतात आणि सगळ्यांचा विषय एकच, पाऊस. नवीन वाचकांसाठी सांगते, मी हवामानशास्त्रज्ञ नाही. अमळनेर तालुक्यात बोरीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं. शाळेच्या अंगणातलं पर्जन्यमापक माझ्या ताब्यात होतं. निवृत्त झाले तेव्हा ते तिथेच राहिलं, पण मोजायची खोड माझ्याबरोबर घरी आली.

बाई, पोळ्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे इतका पाऊस झाला की शेताचे बांध फुटले. महसूल मंडळाचा आकडा निघाला ४८ मिलिमीटर. आमच्या दाराशी बादली होती, सकाळी दुधाच्या मापाने मोजलं तर पाच लिटर पाणी भरलं. हा पाऊस किती झाला? तलाठीभाऊंना दाखवता येईल का?
– एक शेतकरी भगिनी, पारोळा तालुका

ताई, पाणी मापाने मोजलंत याबद्दल आधी शाबासकी. बहुतेक जण लिहितात, ‘अर्धी बादली भरली.’ त्यावरून काहीच कळत नाही, कारण बादली खाली निमुळती असते आणि आत पट्टी उभी केली तर आकडा भलताच फुगतो.

बादलीच्या तोंडाचा व्यास तुम्ही लिहिला नाहीत. घरातली साधी बादली ३० सेंटिमीटरची धरू. तोंडाचं क्षेत्रफळ झालं सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. पाच लिटर म्हणजे ५००० घन सेंटिमीटर. भागाकार केला की सात सेंटिमीटरच्या किंचित वर, म्हणजे ७० मिलिमीटरच्या पुढे. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारी भाषेत अतिवृष्टी. तुमची बादली ती रेघ ओलांडून गेलेली दिसते.

पण बादली ‘दाराशी’ होती म्हणता. दारावर पत्र्याची पडवी आहे का? असेल, तर तुमच्या बादलीत आकाशातला पाऊस थोडा आणि पत्र्यावरची धार जास्त. मग तो आकडा मलाच पटणार नाही, तलाठीभाऊंना कुठून पटेल?

पुढच्या पावसाला असं करा. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा घ्या, बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा चालतो. डबा सरळ असला की हिशेबच नको, आत पट्टी उभी करायची आणि जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. तोंड मोठं की लहान याने फरक पडत नाही. हे मी चौथीच्या वर्गात दरवर्षी शिकवायचे आणि दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, ‘बाई, मोठ्या डब्यात जास्त पडंल ना!’ मग दोन डबे शेजारी ठेवून दाखवायचं. डबा मोकळ्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. जमिनीला टेकवू नका, चिखलाचे शिंतोडे आत उडतात. हातभर उंच वीट-दगडाच्या ओट्यावर बसवा, वाऱ्याने पडू नये म्हणून कडेने दगड लावा. आणि सकाळी साडेआठला मोजा, कारण सगळी सरकारी मोजणी साडेआठ ते साडेआठ चालते.

या साडेआठमध्ये एक मेख आहे. पाऊस सकाळी सातला लागला आणि अकराला थांबला, तर पाऊस एकच, पण आकडे दोन. अर्धा काल​च्या खात्यावर, अर्धा आजच्या. दोन्ही ६५च्या खाली राहू शकतात आणि शेत तर वाहून गेलेलं असतं. तुमच्या वहीत म्हणून तारखेबरोबर वेळही लिहा, कधी लागला, कधी उघडला. ४८ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर काळी जमीन तो पिऊन टाकते. तोच तासाभरात ओतला तर बांध फुटतात. मंडळाच्या आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

मंडळाचा ४८ खोटाच असेल असं मात्र समजू नका. एका मंडळात कितीतरी गावं आणि यंत्र एका जागी. भादव्यातला ढग एका शिवारावर ओततो आणि शेजारच्या शिवाराला धूळ दाखवतो. यंत्राची जागाही कधी कधी चुकलेली असते. एक यंत्र मी स्वतः पाहिलंय, नाव घेत नाही, त्याच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला वाढलेला सुबाभूळ. कळवलं होतं. सुबाभूळ अजून आहे.

तुमची एकटीची वही भरपाई मिळवून देणार नाही, हे स्पष्ट सांगते. पंचनाम्याला मंडळाचा आकडाच धरतात. पण गावात पाच घरांनी पाच टोकांना डबे ठेवले, रोज एकाच वेळी मोजले आणि पाचही वह्यांत ४८च्या जागी ७५-८० आलं, तर ते कागद ग्रामसभेच्या ठरावाला जोडता येतात. मग निदान समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि चूक झाली तर खोडून लिहा, पान फाडू नका. माझ्या वहीत आषाढातलं एक पान आहे, ११२ मिलिमीटर. रात्री झोपेत मला पावसाचा आवाजही आला नव्हता, पण यंत्रात पाणी होतं, मी मोजलं आणि तालुक्याला कळवून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी चौथीतला एक पोरगा रडत आला. जोराचा पाऊस झाला की शाळेला सुट्टी मिळते हे त्याला माहीत होतं. त्याने पहाटे तांब्याने पाणी ओतलं होतं. मी तालुक्याला पुन्हा कळवलं, बोलणी खाल्ली. ११२वर आडवी रेघ आहे, बाजूला ‘तांब्या’ असं लिहिलंय. तो पोरगा आता स्वतः कपाशी करतो आणि रोज साडेनऊच्या आत मला त्याच्या डब्याचा आकडा पाठवतो. मी अजून एकदा विचारून घेते.

आमच्या पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक होतं, तरी टिपूस नाही. आणि गाढव असलेल्या नक्षत्रात नाले वाहिले. पंचांग चुकलं का?
– एक ज्येष्ठ वाचक, रावेर

दादा, पंचांगाने पाऊस पाहिलेलाच नसतो, मग चुकणार कसं? वाहन निघतं ते बाकीवरून. सूर्य नव्या नक्षत्रात जातो तेव्हा त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊने भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, शून्य हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती ही पाण्याची जनावरं म्हणून भरपूर पाऊस. यात ढग कुठे आले? हा भागाकार रावेरला तोच आणि जैसलमेरला तोच.

नक्षत्रं मात्र मी टाकून देत नाही. ती सूर्यावर चालतात, म्हणून दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. मृग ७-८ जूनला, मघा १६-१७ ऑगस्टला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. तेरा-चौदा दिवसांचा एकेक कप्पा. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या कप्प्यांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव भरून ठेवला. ‘न पडतील मघा तर वरती बघा’ ही त्याच अनुभवाची ओळ. तिची जोडओळ पावसात घराबाहेर पाऊल टाकता येत नाही यावर आहे, ती मासिकात छापण्यासारखी नाही, पण तुम्हाला पाठ असणार. ‘पडेल हत्ती, कोसळतील भिंती’ (इथे हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र) हेही खरंच, धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात राहिलेल्या माणसाला विचारा. हस्ताच्या आधी धाब्यावर खारी माती पुन्हा चोपली नाही तर रात्री अंथरूण उचलून कोपरे बदलत बसावं लागायचं.

माझी सासू पंचांग बघायची नाही, उत्तरेला बघायची. सातपुड्याची निळी रेघ एरवी धुरकट असते. ती एखाद्या दिवशी लख्ख, हाताच्या अंतरावर आल्यासारखी दिसली की ती ओरडायची, ‘सातपुडा जोडे उना, गवऱ्या झाका!’ मी वहीत दोन वर्षं हे ताडून पाहिलं. सातपुडा जवळ यायचा तो बहुतेकदा पाऊस पडून हवेतली धूळ बसल्यावर. भादव्यात एक सर आली की दुसरी यायचीच, म्हणून सासूबाई बरोबर निघायच्या. कारण वेगळं, पण गवऱ्या कोरड्या.

मोबाइलवर ८० टक्के पाऊस दाखवला, आमच्याकडे ऊन. कोणतं ॲप खरं?
– चोपडा

आठ वेळा येईल, दोन वेळा हुकेल, एवढाच त्या ८०चा अर्थ. तुम्ही दोनमध्ये सापडलात. ॲपला तुमचं शेत दिसत नाही, बऱ्याच किलोमीटरांचा एक चौकोन दिसतो. उद्याच्या फवारणीसाठी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. आजच्या दुपारसाठी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज येतो तो बघा. आणि मान वर करा. दहा-अकराला पांढरा ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर चढू लागला, दुपारी त्याचा माथा ऐरणीसारखा पसरला, तर पंपात औषध भरू नका.

आमच्याकडे आठ दिवस पाऊस नाही आणि तापी दुथडी. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले म्हणतात. पाणी कुठून आलं?
– यावल तालुक्यातील एक वाचक

वरून. तापी मध्य प्रदेशात मुलताईला निघते आणि बऱ्हाणपूरवरून आपल्याकडे येते. विदर्भातलं पाणी घेऊन पूर्णा तिला चांगदेवला मिळते. हतनूर त्याच्या खाली आहे. बैतूल, बऱ्हाणपूर, अकोल्याकडे झोडपलं की तुमच्या अंगणात धूळ असताना ४१ दरवाज्यांपैकी काही उघडावे लागतात. नदीकाठी मोटार असेल तर तुमच्या गावचा पाऊस बघू नका, त्या बाजूच्या बातम्या बघा. खानदेशाच्या दक्षिणेकडच्या नद्यांना तर इतकाही वेळ नसतो. ३१ ऑगस्ट २०२१ला चाळीसगावात तितूर-डोंगरीचं पाणी घुसलं, ते वर अजिंठ्याच्या डोंगरात रात्रभर झालेल्या पावसाचं. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगर जवळ, उतार मोठा, नदी आखूड. तिथे पूर बातमीच्या आधी पोहोचतो.

दहा दिवसांच्या खंडानंतर जोरदार पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी कपाशीने माना टाकल्या. रोग आहे का?
– धरणगाव

ही आकस्मिक मर. बुरशी नव्हे. तापलेल्या कोरड्या जमिनीत एकदम पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही. आजच्या आज चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, हललेल्या झाडांच्या बुडाशी माती पायाने दाबा. आळवणीचं, म्हणजे बुडाशी ओतायच्या औषधाचं प्रमाण कृषी सहायकाला विचारा, दुकानदाराला नको. माझे यजमान एकदा दुकानदाराला विचारून चार बाटल्या घेऊन आले होते. दोन अजून गोठ्यात आहेत.

वीज किती लांब पडली हे कसं ओळखावं?
– इयत्ता सातवी, शिरपूर

लखलखाट दिसला की मोजायला लाग, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं तर खेळ बंद, पक्क्या घरात. झाडाखाली अजिबात नाही, आणि गुरंही झाडाला बांधलेली असतील तर काळे ढग दिसताच मोठ्या माणसांना सांगून आधीच सोडवायची, कडकडाट सुरू झाल्यावर तू जायचं नाहीस. घरच्यांच्या मोबाइलवर ‘दामिनी’ टाकून दे, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं ॲप आहे, जवळपास वीज पडत असली की इशारा देतं. पत्र छान अक्षरात लिहिलंस.

बाई, विसर्जनाला पाऊस असेल का?
– एका गणेश मंडळाचे कार्यकर्ते, धुळे

इतके दिवस आधी कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला वर्गणी मागा. मी आपली जुनी वही चाळली, तर विसर्जनाच्या तारखेला कोरडं पान शोधायला बराच वेळ लागला. ताडपत्री घ्या. आधी ढोलांवर टाका, तुम्ही वाळाल.