कर्नलच्या स्टॅक ट्रेसमध्ये प्रश्नचिन्हं का येतात आणि मधली फंक्शन्स कुठे जातात?

x८६-६४ (६४-बिट इंटेल/एएमडी प्रोसेसर) लिनक्स धरून सांगतो. स्टॅक ट्रेस म्हणजे गडबड झाल्यावर कर्नल छापतो ती, कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याची साखळी. ओळीपुढचं प्रश्नचिन्ह म्हणजे तो पत्ता स्टॅकवर पडलेला सापडला, पण अनवाइंडरला (स्टॅक वाचून ही साखळी जुळवणारा कर्नलचा भाग) तो साखळीत बसवता आला नाही. बहुतेकदा तो आधीच्या कॉलचा उरलेला कचरा असतो. आधी त्या ओळी सोडून वाचा. पण फेकून देऊ नका, साखळी मध्येच तुटली असेल तर त्याच कामी येतात.

सगळीकडेच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये कुठला अनवाइंडर निवडलाय ते बघा. 'गेस' असेल तर तो नावाप्रमाणे अंदाजच बांधतो. ४.१४ पासून 'ऑर्क' आहे, तो घ्या. तिसरा पर्याय फ्रेम पॉइंटरचा (प्रत्येक फंक्शन स्टॅकवरची आपली जागा नोंदवत जातं), पण त्यासाठी प्रत्येक फंक्शनमध्ये जादा सूचना घालाव्या लागतात आणि कर्नल मंदावतो. ऑर्कची माहिती वेगळ्या तक्त्यात असते, त्यामुळे वेगाला धक्का नाही. काही एमबी मेमरी मात्र जाते.

फंक्शन गायब होण्याचं कारण वेगळं, तिथे बहुतेकदा कंपायलरने ते इनलाइन केलेलं असतं, म्हणजे त्याचा कोड बोलावणाऱ्या फंक्शनमध्येच घातलेला असतो. डीबग माहितीसह कर्नल बांधा आणि ट्रेस 'डीकोड स्टॅकट्रेस' या स्क्रिप्टमधून काढा (सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्येच आहे). फाइल, ओळ आणि इनलाइन झालेली फंक्शन्सही दिसतात. स्क्रिप्टला द्यायची व्हीएमलिनक्स फाइल (बांधलेला कर्नल, डीबग माहितीसह) मात्र त्याच बिल्डची हवी. मी एकदा जुनी फाइल देऊन अख्खी संध्याकाळ भलत्याच ओळीकडे बघत बसलो होतो.

फंक्शनच्या शेवटी दुसऱ्या फंक्शनवर थेट उडी मारलेली असेल (टेल कॉल), तर पहिल्याचा मागमूस स्टॅकवर राहतच नाही. तिथे कुठलाही अनवाइंडर हतबल. तेवढी एक फाइल टेल कॉल बंद ठेवून पुन्हा कंपाइल करा.