न्यूट्रॉन ताऱ्यांवर काम करायचंय, मग ऑप्टिक्स सोडू का?

प्रश्न : मी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ध्रुवित प्रकाशावरून न्यूट्रॉन ताऱ्यांचं प्रारण समजून घेणाऱ्या संशोधनात जायचंय. ऑप्टिक्स सोडून खगोलशास्त्र घेतलं तर चालेल का?

उत्तर : ऑप्टिक्स सोडू नकोस. तुला जे करायचंय त्याचा पायाच तो आहे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला घट्ट गाभा, जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचा. दुर्बिणीत तो ठिपकाच राहतो. प्रारण त्याच्या कुठल्या भागातून येतं, हे मग कळतं ते प्रकाशलहरीतल्या विद्युत क्षेत्राच्या दिशेवरून. बऱ्याच लहरींची ही दिशा एकच असली, की तो प्रकाश ध्रुवित. तारा फिरतो तशी ती दिशा वळते आणि चुंबकीय क्षेत्राचा कल दाखवते. वेला पल्सारच्या (पल्सार म्हणजे फिरताना ठरावीक वेळाने स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा) रेडिओ लहरींत हे वळणं पाहूनच राधाकृष्णन आणि कुक यांनी १९६९मध्ये सांगितलं, की प्रारण चुंबकीय ध्रुवाजवळून निघतं.

क्ष-किरणांत हे काम फार अवघड. क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजणारा आयएक्सपीई हा उपग्रह डिसेंबर २०२१मध्ये गेला आणि चित्र बदललं. त्याच्या शोधकात क्ष-किरणाचा फोटॉन वायूच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो, तोही बहुधा विद्युत क्षेत्राच्या दिशेने. अशा लाखो इलेक्ट्रॉनांचे माग जुळवावे लागतात. ध्रुवीकरणाची टक्केवारी ऋण नसतेच, त्यामुळे नुसत्या गोंगाटातही थोडं ध्रुवीकरण ‘दिसतं’. म्हणून संख्याशास्त्र मनापासून शिक. विद्यार्थी नेमकं तेच टाळतात, याचं मला वाईट वाटतं.

आता हर्क्युलिस एक्स-१ बघ. हा न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतो. त्याचे क्ष-किरण ८० टक्क्यांपर्यंत ध्रुवित असतील असं काही गणितं सांगत होती; मोजल्यावर सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास निघाले. हे इतकं कमी का, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. नव्या माणसांची गरज आहे ती इथे. जानेवारी २०२४मध्ये गेलेल्या भारताच्या एक्सपोसॅटवरचं पोलिक्स हे उपकरण आयएक्सपीईपेक्षा जास्त ऊर्जेचे, ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण पाहण्यासाठी बनवलंय.

खगोलशास्त्र एम.एस्सी.लाही शिकता येईल. आत्ता ऑप्टिक्स, विद्युतचुंबकत्व आणि पायथन पक्कं कर. आयएक्सपीईची निरीक्षणं सर्वांना खुली आहेत. सुट्टीत हर्क्युलिस एक्स-१ची निरीक्षणं उतरवून घे आणि ती टक्केवारी स्वतः काढ. त्या कामात मन रमलं, तर पीएच.डी.साठी सिद्धान्त की उपकरणबांधणी, यावर मला पुन्हा लिही.